पेटीतला कागद, पाठीमागची नावं

२० जुलै १९४२ ला नागपुरात मोहन पार्कात दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार बायकांना पगारी रजा हे ठराव आज वाचायला मिळतात, कारण आदल्या दोन दिवसांच्या मुख्य परिषदेबरोबर या परिषदेचाही अहवाल छापला गेला. मंडपात हजारो बायका होत्या. नावं उरली ती व्यासपीठावरच्यांची.

ही उणीव भरून काढायला लेखिका उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्त्यांना शोधत हिंडल्या, मुलाखती घेतल्या. १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. तेव्हा विचारलं नसतं, तर त्यातलं बरंच काही त्या बायकांबरोबरच गेलं असतं.

मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणाचंही तेच. नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये पोलिसांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडलं. ८ मार्च १९८० ला इतर शहरांसारख्या नागपूरच्या बायकाही रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. निकाल ग्रंथालयात सापडतात. कोणत्या वस्तीतून कोण आलं, हे मात्र पत्रकं, वर्गणीच्या पावत्या आणि बैठकीच्या वह्यांतच असतं. हा कागद घरच्या पेटीत पडून राहतो, आणि घर बदललं की रद्दीत जातो.

पत्रकाचा स्वस्त कागद उन्हाळ्यात पिवळा पडून कुरकुरीत होतो. टाचण्या गंजतात, सेलोटेपचा गोंद डाग सोडतो. कूलरच्या ओल्या हवेनं बुरशी धरते, भिंतीला टेकलेल्या पेटीत वाळवी शिरते. म्हणून आधी टाचण्या काढाव्यात, पेटी विटांवर ठेवावी. लॅमिनेशन कधीच करू नये, ते काढता येत नाही. पत्रकं ६०० डीपीआयवर स्कॅन करून तीन प्रती ठेवाव्यात, एक दुसऱ्या घरी.

सगळ्यात अवघड काम फोटोंचं. मागे ‘सौ. रामटेके’ एवढंच असेल, तर वस्तीत त्या नावाच्या दहा जणी निघतात. फोटो दोघीतिघींना वेगवेगळा दाखवावा. एकत्र बसवलं की पहिलीनं सांगितलेलं नाव बाकीच्या उचलतात. माहेरचं नाव, वस्ती आणि साल मऊ पेन्सिलीनं फोटोच्या मागे कडेला लिहावं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

अशा कार्यकर्तीची मुलाखत घेतली, तर ती संपल्यावर रेकॉर्डर चालू असतानाच विचारावं: यातलं काय बाहेर जाऊ द्यायचं, काय किती वर्षं बंद ठेवायचं. मारहाणीबद्दल ती बाई बोलली असेल, तर ज्याच्याबद्दल बोलली तो अजून त्याच गल्लीत राहत असतो.