चढावर गाडी धरायची कशाने?

मुंबईत केम्प्स कॉर्नरच्या पुलावर चढताना वाहतूक तुंबली की बरेच जण ब्रेक सोडून हाफ क्लचवर, म्हणजे क्लच पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरतात. गाडी जागची हलत नाही, म्हणून काही बिघडतंय असं वाटतच नाही. पण हिशेब मांडून पाहा. समजा गाडी १००० किलोची आणि चढ २० मीटरला १ मीटर. गाडीला मागे ओढणारा जोर होतो साधारण ५० किलोच्या ओझ्याएवढा. पहिल्या गिअरमधून तो क्लचपर्यंत पोचतो तेव्हा १० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ (फिरवणारा जोर) उरतो. इंजिन मिनिटाला १००० फेरे मारतंय आणि चाकं थांबलेली, त्यामुळे क्लच प्लेट (इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडणारी चकती) घासत राहते आणि जवळपास १००० वॉटची उष्णता तिथेच साठते. कपड्यांची इस्त्री चालू ठेवून बंद डब्यात कोंडावी, तसंच हे! आधी करपट वास येतो. मग प्लेटवरचं अस्तर झिजून क्लच घसरू लागतो, म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, खरा खर्च तिथेच होतो.

हँडब्रेकमध्ये केबलने मागच्या चाकांचे ब्रेक आवळले जातात. चाक फिरतच नाही, त्यामुळे घासणं नाही की तापणं नाही.

सिग्नलला दहा-पंधरा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर सपाटीवरही न्यूट्रल करा आणि हँडब्रेक ओढा. क्लच दाबून गिअरमध्ये थांबलात तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) तेवढा वेळ दाबाखाली फिरत राहतं. मात्र हँडब्रेकने मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणून मागची गाडी थांबेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढू नका.

चढावर निघताना पहिला गिअर टाका, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि क्लच सावकाश वर येऊ द्या. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचललं जातं. पाय तिथेच स्थिर ठेवून हँडब्रेक सोडा. हँडब्रेकचे पूर्वीपेक्षा जास्त खटके ओढावे लागत असतील तर केबल सैल झाली आहे किंवा ब्रेक शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणारे भाग) झिजलेत, गॅरेजमध्ये दाखवून घ्या.

मलबार हिलसारख्या उतारावर पार्क करताना हँडब्रेकच्या जोडीला गिअरही हवाच: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मात्र सपाट जागा बघा, गिअर टाका, चाकाला पुढून-मागून विटा लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. दमट हवेत ड्रम गंजून शू त्याला चिकटतात.