वाऱ्याच्या बेटावरची खुजी वेल : पांतेल्लेरियाची पार्श्वभूमी

पांतेल्लेरियाची गोड वाईन, पासितो, बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते, पण ती ज्या वेलीपासून होते ती मांडवावर चढत नाही, खड्ड्यात अंग चोरून बसलेली असते, आणि ती तशी का हे समजून घ्यायचं तर आधी बेट बघावं लागतं.

बेट इटलीचं, पण नकाशात ट्युनिशियाच जवळ, साधारण ७० किमी, सिसिली १०० च्या आसपास. जेमतेम ८३ चौरस किमी जागा, समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा माथाच तो. अजून जमिनीतून गरम वाफा निघतात, १८९१ मध्ये तर वायव्येला समुद्राखाली उद्रेक झाला होता. इथली काळी ज्वालामुखी काच, ऑब्सिडियन, अश्मयुगात हत्यारांसाठी दूरवर जायची. पुढे कांस्ययुगातल्या लोकांनी मुर्सियाला गाव वसवलं आणि लाव्हाचेच दगड रचून 'सेसी' नावाची मोठमोठी थडगी बांधली, म्हणजे दगडावर दगड ठेवायची सवय इथे हजारो वर्षांची आहे.

मग रोमन आले, अरब आले, ११२३ मध्ये नॉर्मन, १५५३ मध्ये ऑटोमन तुर्कांचा आरमारप्रमुख तुर्गुत रईस याने बेट लुटलं. मला विचाराल तर सगळ्यात खोल ठसा अरबांचा. खम्मा, गदीर, बुजेबेर ही गावांची नावं बघा. बेटाच्या नावाचं मूळही अरबी 'बिंत अल-रिया', म्हणजे वाऱ्याची लेक, असं सांगतात. द्राक्षाची जात झिबिब्बो, तीही अरबी 'झबीब' वरून, अर्थ मनुका.

वारा जवळजवळ सतत, त्यात नदी नाही, पाऊस तुटपुंजा. म्हणून इथली शेती म्हणजे वाऱ्यापासून लपणं आणि थेंब थेंब साठवणं. डोंगरउतारावर गडगे घालून पायऱ्या केल्या, त्यात आळं करून वेल लावली, छाटून छाटून बुटकी ठेवली, म्हणजे वारा वरून जातो आणि ओल मुळाशी राहते. ऑलिव्हची झाडंसुद्धा जमिनीलगत पसरवलेली. घरं, म्हणजे 'दम्मुसी', जाड दगडी भिंतींची, वर पांढरे घुमट, आणि त्या छपरावरचं पाणी थेट खालच्या टाक्यात. पण मला सगळ्यात आवडतात ते इथले 'जार्दिनो', काळ्या दगडाचा गोल, छप्पर नसलेला बुरूज आणि आत संत्र्या-लिंबाचं एकच झाड! एका झाडासाठी एवढी भिंत, कारण ती वारा अडवते आणि रात्री दगडावर धरलेलं दव झाडाला मिळतं, ते झाड केवढं मोलाचं असेल विचार करा.

दुसऱ्या महायुद्धात मुसोलिनीने बेटाची किल्लेबंदी केली होती, दोस्त राष्ट्रांनी एवढे बॉम्ब टाकले की बंदराजवळचं जुनं गाव उद्ध्वस्त झालं आणि ११ जून १९४३ ला बेट शरण आलं. गाव नव्याने बांधलं, शेती मात्र जुन्याच रीतीने चालू राहिली.

२०१४ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते वाईनला नव्हे तर आळ्यातल्या या वेलीच्या लागवडीला, आणि ते मला फार योग्य वाटतं. कारण या पायऱ्यांवर यंत्र फिरत नाही, छाटणी हाताने, आळी हाताने, आणि ऐन उन्हाळ्यात वाकून तोडलेली द्राक्षं उन्हात पसरून, परतून परतून सुकवायची, तेव्हा कुठे पासितो होते.