पार्श्वभूमी : शोरूममधल्या न विकलेल्या गाडीचा भार कोणावर?

दर महिन्याच्या सुरुवातीला वाहनविक्रीचे दोन आकडे बातम्यांत येतात आणि बरेचदा ते जुळत नाहीत. एक कंपन्यांच्या ‘सियाम’ या संघटनेचा, दुसरा ‘फाडा’ या विक्रेत्यांच्या महासंघाचा. पहिल्या आकड्यात गाडी कारखान्यातून डीलरकडे निघाली की ती विकली गेली असं धरतात. दुसऱ्यात ती आरटीओकडे ग्राहकाच्या नावावर चढावी लागते. या दोहोंच्या मधल्या गाड्या डीलरच्या यार्डात उभ्या असतात आणि त्यांचे पैसे कंपनीला बहुतेक वेळा आधीच पोचलेले असतात.

मागणी नोंदवण्याची पद्धत साधारण अशी. डीलर पुढच्या काही महिन्यांचा अंदाज देतो, मग येत्या महिन्याची पक्की ऑर्डर मॉडेल, व्हेरियंट आणि रंगानुसार टाकतो. कंपनी आपलं उत्पादन पाहून वाटप करते. गाडी ट्रेलरवर चढण्याआधी डीलरच्या नावे बिल फाटतं. रक्कम सहसा बँकेच्या कर्जातून जाते आणि ठरलेले बिनव्याजी दिवस संपले की व्याज डीलरच्या खात्यावर चढू लागतं. दहा लाखांच्या पन्नास गाड्या दोन महिने उभ्या राहिल्या आणि व्याज वर्षाला १० टक्के धरलं, तर नुसत्या व्याजाचे सव्वाआठ लाखांहून थोडे जास्त रुपये होतात. त्यात महिनाअखेर जवळ आली की टार्गेट पुरं करण्यासाठी आणखी गाड्या उचलण्याचा आग्रह सुरू होतो.

हा आग्रह शंभर वर्षं जुना आहे. १९२० च्या अखेरीस अमेरिकेत मंदी आली तेव्हा हेन्री फोर्डच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं. आदल्याच वर्षी त्यांनी इतर भागधारकांचे हिस्से विकत घेतले होते. डिसेंबरमध्ये कारखाना बंद ठेवून १९२१ च्या सुरुवातीला तो पुन्हा चालू केला आणि शिल्लक सुट्या भागांतून गाड्या जोडून न मागवताच डीलरांकडे रवाना केल्या. गाड्या रेल्वे स्थानकावर उतरत, बिल गावातल्या बँकेत येई. पैसे भरा नाहीतर एजन्सी सोडा, असा सरळ मामला होता. डीलरांनी आपापल्या गावात कर्जं काढली आणि फोर्ड यांचं कर्ज फिटलं. बँकेकडे हात न पसरता कंपनी तरली, असं याचं कौतुक आजही होतं. मला ते पटत नाही. कर्ज घ्यावंच लागलं, फक्त ते हजारो छोट्या दुकानदारांच्या नावावर गेलं.

जनरल मोटर्सचा अनुभव वेगळा होता. १९१९ मध्येच डीलरांना गाड्यांच्या साठ्यासाठी कर्ज देणारी उपकंपनी त्यांनी काढली होती. तरी १९२४ मध्ये अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन डीलरांना भेटायला निघाले तेव्हा शहरामागून शहरात त्यांना न विकलेल्या गाड्यांच्या रांगा दिसल्या. त्यांनी उत्पादन तातडीने कापलं. पुढे डीलरांकडून दर दहा दिवसांनी किती गाड्या विकल्या आणि किती उरल्या याचा हिशेब येऊ लागला आणि उत्पादनाचं वेळापत्रक त्यावर बेतलं जाऊ लागलं. तरीही सक्ती पुरती थांबली नाही. १९५६ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून, धाकदपटशा करणाऱ्या कंपनीला न्यायालयात खेचण्याचा हक्क डीलरांना दिला.

भारतात त्या काळी चित्र उलटं होतं. कुर्ल्याला प्रीमियरची फियाट, बंगालात उत्तरपाड्याला अँबेसेडर, उत्पादन परवान्यात बांधलेलं आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत. गाड्यांच्या वाटपावर १९५९ पासून सरकारी नियंत्रण आदेश होता. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी तर लोकांनी दहा-दहा वर्षं वाट पाहिली. अशा बाजारात डीलरने ऑर्डर टाकायची नसते. नोंदवही सांभाळायची आणि आलेली गाडी क्रमाने द्यायची. साठ्याचा धोका शून्य, कारण ग्राहकाची अनामत आधीच जमा. १९८३ मध्ये मारुतीसाठी दहा हजार रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनी नावं नोंदवली, तीही याच सवयीने. १९९९ मध्ये टाटांच्या इंडिकासाठी तर लाखाहून अधिक जणांनी पूर्ण किंमत आगाऊ भरली.

१९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना उठला, परदेशी कंपन्या आल्या आणि वाट पाहण्याची पाळी हळूहळू ग्राहकाकडून डीलरकडे सरकली. साठा किती अंगाशी येऊ शकतो हे २९ मार्च २०१७ ला दिसलं. बीएस-३ या जुन्या प्रदूषण-निकषाच्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तेव्हा देशभर आठ लाखांवर गाड्या पडून होत्या, बहुतेक दुचाकी. उरलेल्या दोन दिवसांत त्या मिळेल त्या किमतीला निघाल्या.

आपल्याकडच्या सणांनी हा हिशेब आणखी अवघड केला आहे. पितृपक्षात गाडी कोणी घरी नेत नाही, पण दसऱ्याचा साठा त्याच पंधरवड्यात यार्डात येऊन उभा राहतो. फाडाच्या मते २१ दिवसांचा, म्हणजे तेवढ्या दिवसांत विकला जाईल एवढा, साठा योग्य. सप्टेंबर २०२४ अखेर तो ८० ते ८५ दिवसांवर गेल्याचं आणि त्यात ७९ हजार कोटी रुपयांच्या गाड्या अडकल्याचं महासंघाने सांगितलं.

पुढच्या वर्षी घाव करातून आला. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, मोटारींवरचा भरपाई उपकर, म्हणजे जीएसटीच्या वर लागणारा जादा कर, रद्द झाला. ग्राहकाला गाडी स्वस्त मिळाली, हे चांगलंच झालं. पण यार्डातली गाडी डीलरने उपकर भरून घेतलेली होती. त्या उपकराचं क्रेडिट (आधी भरलेल्या कराची वजावट) फक्त उपकरापोटीच वापरता येत होतं आणि आता विक्रीवर उपकरच नव्हता. फाडाच्या अंदाजानुसार असे सुमारे अडीच हजार कोटी रुपये खात्यावर नुसते दिसत राहिले.

अमेरिकेसारखा डीलरांसाठीचा स्वतंत्र कायदा भारतात नाही; सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केल्यावर असा कायदा करण्याची मागणी जोराने पुढे आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझने मात्र वेगळी व्यवस्था सुरू केली. साठा कंपनीच्या मालकीचा, बिल थेट ग्राहकाच्या नावे, आणि डीलरला गाडी दाखवण्याचं, ताब्यात देण्याचं, सर्व्हिसिंगचं काम व त्याचं कमिशन. मोठ्या खपाच्या कंपन्यांमध्ये मात्र महिनाअखेरचं बिलिंग अजून जुन्याच पद्धतीने चालतं.