जॉन स्ट्रीट मेथडिस्ट मंडळी (न्यूयॉर्क)

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधली मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाची जुनी मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्यांचा समूह. सुरुवात १७६६ ची धरतात, आत्ताचं चर्च मात्र १८४१ चं, त्याच जागेवरचं तिसरं. अमेरिकेत सलग चालू असलेल्या मेथडिस्ट मंडळ्यांत ही सगळ्यात जुनी मानतात आणि त्यावर फारसं कुणी भांडत नाही, भांडण आहे ते 'पहिली' कोणती यावर.

आयर्लंडच्या लिमरिक भागात जर्मनीच्या पॅलाटिनेट भागातून आलेल्या निर्वासितांची वस्ती होती, तिथले काही लोक १७६० मध्ये न्यूयॉर्कला आले, त्यात फिलिप एम्बरी नावाचा सुतार आणि त्याची नात्यातली बार्बरा हेक. एम्बरी गावी उपदेश करायचा, इथे येऊन ते सुटलं. मग बार्बरानं काही जणांना पत्ते खेळताना पकडलं, पत्ते सरळ आगीत टाकले आणि तडक जाऊन एम्बरीला प्रवचनाला उभं केलं, अशी कथा आहे. तो स्वतः खेळत होता का यावर हकिकती वेगवेगळ्या, नव्हता हे जास्त पटतं. त्याच्या घरच्या पहिल्या सभेला जेमतेम पाच जण होते, त्यात बेटी नावाची एक कृष्णवर्णीय बाई.

आता वादाचं. मेरीलँडमध्ये सॅम्स क्रीकजवळ रॉबर्ट स्ट्रॉब्रिज याच सुमारास, बहुधा आधीच, मंडळी चालवत होता, पण तो कधी आला तेच पक्कं नाही, १७६० च्या आसपास धरतात. गंमत म्हणजे बिशप ॲसबरीच्या काळातल्या पंथाच्या नियमपुस्तकात दोघांची सुरुवात साधारण एकाच वेळची म्हटलीय, आणि १८०१ च्या रोजनिशीत तोच ॲसबरी स्ट्रॉब्रिजची मंडळी अमेरिकेतली पहिली म्हणून मोकळा होतो. पुरावे बघता मेरीलँडचं पारडं थोडं जड वाटतं, पण तिथला धागा न्यूयॉर्कसारखा सलग दाखवता येत नाही.

घर अपुरं पडल्यावर १७६७ मध्ये जहाजांचे दोरखंड बनवायच्या माळ्यावर सभा भरायला लागल्या. एका डोळ्याचा कॅप्टन थॉमस वेब लष्करी गणवेशात, तलवार समोर ठेवून उपदेश करायचा, त्यामुळे गर्दी व्हायची. ३० ऑक्टोबर १७६८ ला स्वतःचं चर्च उघडलं, पहिलं प्रवचन एम्बरीचं, तेही त्यानं स्वतः बनवलेल्या व्यासपीठावरून. अधिकृत पंथाबाहेरच्यांना चर्च बांधायला कायद्याची अडचण होती म्हणून इमारतीला शेकोटी आणि धुराडं ठेवून ती राहायचं घर म्हणून दाखवली, असं सांगतात. पुढच्याच वर्षी पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली यानं बोर्डमन आणि पिलमोर हे उपदेशक इंग्लंडहून पाठवले.

चर्चची झाडलोट बघणारा पीटर विल्यम्स गुलाम होता, १७८३ मध्ये विश्वस्तांनी त्याला ४० पौंडांना विकत घेतलं, पैसे त्यानं फेडले आणि मोकळा झाला. वेगळी वागणूक मिळते म्हणून १७९६ मध्ये कृष्णवर्णीय सभासद बाहेर पडले, त्यातून झायन चर्च उभं राहिलं, त्यात पीटरही होता.

१८१७-१८ मध्ये दुसरी इमारत झाली. पुढे आजूबाजूला दुकानं-ऑफिसं वाढली, सभासद उत्तरेकडे राहायला गेले, आणि रस्ता रुंद झाल्यावर आत्ताची लहान इमारत आली.