गव्हांकुराच्या रसाने रक्त वाढतं?

जळगाव-धुळ्याकडे एक समज ऐकू येतो: गव्हांकुराचा रस म्हणजे ‘हिरवं रक्त’, प्यायला की हिमोग्लोबिन वाढतं. आधार एवढाच, की हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिनमधला हीम हा घटक यांची रचना मिळतीजुळती आहे. पण हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, हीममध्ये लोह. शरीर एकाचं दुसरं करत नाही. हीम ते स्वतः घडवतं आणि त्याला लोह लागतं. कपभर रसात ते फारच थोडं. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्त कमी करणारा आजार आढळतो. तो जनुकातला दोष, रसाने कसा जाणार? आवडतो तर रस खुशाल प्या, फक्त गव्हांकुराच्या कुंडीत बुरशी नाही ना ते बघा. रक्त कमी वाटत असेल तर आधी तपासणी करा. लोहाच्या गोळ्या दिल्याच, तर चहासोबत घेऊ नका. चहा लोह नीट शोषू देत नाही.