अँकर टेक्स्ट, अंतर्गत

संकेतस्थळाच्या एका पानावरून त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्याचे दृश्य शब्द. चित्रालाच दुवा जोडलेला असल्यास चित्राचा पर्यायी मजकूर हे काम करतो. शोधयंत्रे या शब्दांवरून लक्ष्यपानाचा, म्हणजे दुवा जिथे नेतो त्या पानाचा, विषय ताडतात. शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी त्यांचा विचार होतो तो यामुळेच.

‘अँकर’ ही संज्ञा वेबपूर्व हायपरटेक्स्ट (दुव्यांनी जोडलेल्या मजकुराच्या) प्रणालींतली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेत ती १९९१ च्या सुमारास ‘ए’ या खुणेच्या रूपाने आली. दुव्याचे शब्द लक्ष्यपानाच्या खाती जमा करण्याची कल्पना सर्रास गूगलची मानली जाते. मात्र गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनीच १९९८ च्या शोधनिबंधात ‘वर्ल्ड वाइड वेब वर्म’ या शोधयंत्राने ती आधी वापरल्याचे नोंदवले आहे. हे यंत्र ऑलिव्हर मॅकब्रायन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात १९९३-९४ च्या सुमारास उभारले. कल्पनेचे श्रेय त्यांना आणि मोठ्या प्रमाणावरील वापराचे गूगलला देणे अधिक सयुक्तिक वाटते : गूगलच्या त्या संग्रहात २.४ कोटी पानांमागे २५.९ कोटींहून अधिक दुव्यांचे शब्द नोंदलेले होते.

मराठीला हा लाभ उशिरा मिळाला. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचा भारतीय लिप्यांवर काम करणारा जिस्ट गट आणि ‘श्रीलिपी’ हे फाँटचे सॉफ्टवेअर या दोन्हींमुळे पुणे हे देवनागरी संगणनाचे केंद्र. भारतीय लिप्यांतील अक्षरांचे संगणकीय संकेत ठरवणारे इस्की हे प्रमाणही १९९१ चे. तरीही युनिकोड ही जगभरच्या लिप्यांची सामायिक संकेतपद्धती रुळेपर्यंत अनेक मराठी संकेतस्थळे फाँटनिष्ठ, म्हणजे त्या-त्या फाँटपुरतेच अर्थपूर्ण, संकेत वापरीत. पडद्यावर ‘पुणे’ दिसे, फाइलीत मात्र रोमन अक्षरांची खिचडी असे. अशा दुव्यातून शोधयंत्राच्या हाती काही लागत नसे.

आजची अडचण व्याकरणाची आहे. पुण्याच्या पेठांवरील पानात ‘थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये शनिवारवाड्याची पायाभरणी केली’ असे वाक्य असेल, तर दुवा कशाला द्यायचा? काही संपादक ‘शनिवारवाड्या’ एवढाच भाग निळा करतात व ‘ची’ बाहेर ठेवतात. सामान्यरूप स्वतंत्र शब्द नव्हे. म्हणून प्रत्ययासह पूर्ण शब्द घ्यावा, किंवा वाक्यच फिरवून ‘शनिवारवाडा’ हे मूळ रूप आणावे. दुसरा मार्ग वाचकालाही सोयीचा.

‘येथे क्लिक करा’, ‘अधिक वाचा’ यांतून पानाचा विषय कळत नाही. गूगलच्या मार्गदर्शनातही वर्णनपर व आटोपशीर शब्दांचीच शिफारस आहे. एकच शब्दप्रयोग वारंवार वापरल्यास शिक्षा होते, या समजाचे मूळ गूगलने एप्रिल २०१२ मध्ये आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ बदलात असावे. पण त्याचा रोख मुख्यतः बाहेरून मिळवलेल्या कृत्रिम दुव्यांवर होता.