निरोपाची चावी कुणाकडे? मराठवाड्यातील पारावरच्या एका वादाची पार्श्वभूमी

सायंकाळी पारावर एखादा तरुण मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतो, चार जण माना वाकवून तो पाहतात आणि बाजूला बसलेला म्हातारा विचारतो, “हे टाकलंय कुनी?” आंदोलन मोबाइलमुळे उभे राहते की माणसांमुळे, हा मराठवाड्यातल्या गावबैठकींमधला वाद बहुधा याच प्रश्नापासून सुरू होतो, आणि तो प्रश्न मोबाइलपेक्षा बराच जुना आहे.

निजामाच्या राजवटीत ‘गश्ती ५३’ या फर्मानानुसार सभेसाठी आधी परवानगी घ्यावी लागे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८मध्ये ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले ते संस्थानाच्या हद्दीबाहेरून, आणि त्यावर बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा निघे. अंक मोजकेच हाती येत. त्यामुळे वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक असत, आणि वाचून झाल्यावर खरा विचारविनिमय होई. सभेला बंदी घालता येत होती. ओट्यावरच्या गप्पांना ती घालणे अवघड होते.

तंत्रज्ञानाला सगळा दोष देणाऱ्यांनी १९७८ आठवावे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव २७ जुलैला विधिमंडळात झाला आणि लगेच दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा खेड्यात साधा टेलिफोनही क्वचितच होता. जाळपोळीला मोबाइल लागला नाही.

उलट बाजूचा दाखला २०१६चा आहे. कोपर्डीतील मुलीवरील अत्याचार आणि हत्येच्या घटनेनंतर पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा ९ ऑगस्टला औरंगाबादेत निघाला; जिओची सेवा खुली झाली ती त्यानंतर, ५ सप्टेंबरला. स्वस्त डेटाने मोर्चे घडवले असे सरसकट म्हणणाऱ्यांच्या ध्यानात हा क्रम येत नाही. घोषणा द्यायच्या नाहीत, मुली पुढे राहतील, मोर्चानंतर रस्ता झाडायचा, ही आचारसंहिता व्हॉट्सॲपवर फिरली हे खरे, पण ती पाळली गेली ती गावोगावच्या बैठकांमुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सप्टेंबर २०२३मध्ये मात्र चित्र पालटले. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे १ तारखेला मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि त्याची दृश्ये बैठकीची वाट न पाहता घरोघरी पोचली. ऑक्टोबरअखेर बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली तेव्हा संचारबंदीबरोबर इंटरनेटही बंद करण्यात आले. अशा आदेशांना २०१७च्या दूरसंचार सेवा निलंबन नियमांचा आधार होता. एक आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त काळ चालू नये, ही मर्यादा २०२०मध्ये घालण्यात आली. गश्तीला अशी मुदत नव्हती. ‘नेट बंद’ झाले की ॲडमिनचे काही चालत नाही, आणि मग निरोप पुन्हा मोटारसायकलवरून पारापर्यंत येतो.